चौकटीतली रेघ

मास्तरांचं एक मत होतं, आणि चौतीस वर्षांत ते कुणाच्या बापाला हलवता आलं नव्हतं. निकाल द्यायचा तर सगळ्यांचा एकदम. वर्गातली एक वही जरी यायची राहिली, तरी बाकीच्या एकोणचाळीस तपासून, गठ्ठा बांधून कपाटात जायच्या. चाळिसावी आली की मगच गठ्ठा सुटायचा. मग मास्तर बाकाबाकावरून फिरत प्रत्येकाची वही पालथी ठेवत जायचे. कुणाला किती पडले हे शेजाऱ्याला कळता कामा नये.

ह्याला कारण होतं. मास्तर दहा वर्षांचे असताना त्यांच्या शिक्षकांना वह्या वाटायची भारी हौस. पहिल्या नंबरापासून सुरुवात करायची, नाव पुकारायचं, मार्क पुकारायचे आणि उतरत उतरत खाली यायचं. एकदा सगळ्या वर्गाच्या वह्या वाटून झाल्या आणि हे एकटेच राहिले, हात पुढे करून उभे. वर्ग हसला. शिक्षक पण हसले. "तो हात अजून खाली आलेला नाही माझा," असं मास्तर बायकोला सांगायचे. बायको म्हणायची, "मग तेवढ्यात वरच्या फळीवरचा डबा काढून द्या."

बायकोला हा नियम कधीच पटला नव्हता. "सगळे पानावर बसल्याशिवाय वाढायचंच नाही, असं चाललंय तुमचं. तोवर जो भुकेला येऊन बसलाय त्यानं काय करायचं?"

"थांबायचं," मास्तर म्हणायचे. "थांबल्यानं कुणी मरत नाही."

आता हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. पुढे त्याचंच त्यांना वाईट वाटायचं होतं.

निवृत्तीनंतर मास्तर घरी बसले असते तर बायकोनं त्यांना वेड लावलं असतं, किंवा त्यांनी तिला. म्हणून शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी इंटरनेटच्या पोर्टलवर गणिताचा वर्ग निघाला, तेव्हा त्यांनी तो घेतला. चौदा विद्यार्थी. एक पहारेकरी, दोन ड्रायव्हर, एक केस कापणारी, एक खानावळवाला, असे सगळे आयुष्याला लागलेले लोक. आठवड्यातून दोनदा पडद्यावर तास. दीड-दोन महिन्यांनी एक स्वाध्याय सोडवायचा, त्याचे फोटो काढून पोर्टलवर चढवायचे, मास्तर तपासणार. असे चार स्वाध्याय दिले की अंतिम परीक्षेला बसता येणार. चारांतला एक जरी राहिला तरी नाही.

पोर्टल शिकवायला वर्ग चालवणाऱ्या केंद्रातल्या संगणकवाल्या बाई होत्या. तोंडानं फटकळ, पण कामाच्या पक्क्या. त्यांनी दाखवलं की मार्कांच्या रकान्याशेजारी एक छोटा डोळा असतो. तो मिटलेला असेल तर मार्क लपलेले राहतात, उघडला की विद्यार्थ्यांना दिसतात. मास्तर खूश झाले. म्हणजे हाच की आपला कपाटातला गठ्ठा! यंत्र अगदी त्यांच्या मताचं निघालं.

"आणि सर, वर कोपऱ्यात हे बटण आहे बघा," बाई म्हणाल्या. "'विद्यार्थी म्हणून पाहा.' हे दाबलं की त्यांना काय दिसतं ते तुम्हाला दिसेल. अधूनमधून दाबत जा."

"विद्यार्थी असताना जे बघायचं ते बघून घेतलंय मी," मास्तर म्हणाले. केंद्रातले सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. ते बटण मास्तरांनी कधी दाबलं नाही.

पहिल्याच तासाला त्यांनी वर्गाला सांगून टाकलं, "चारही स्वाध्यायांचे मार्क शेवटी, सगळ्यांचे एकदम दिसतील. तोवर 'मार्क कधी' म्हणून कुणी माझं डोकं खायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय संपला. फक्त त्या दिवशी वर्गात तेराच जण होते. चौदाव्या मावशी, त्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. त्यांना पुन्हा सांगायचं राहून गेलं, आणि राहून गेलंय हेही मास्तरांच्या ध्यानात राहिलं नाही.

मावशी म्हणजे मास्तरांच्या नात्यातल्या नव्हेत. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायच्या, आणि इस्पितळात अशा बाईला लहानथोर सगळेच मावशी म्हणतात. वय सेहेचाळीस. पडद्यावर स्वतःचं चित्र बंद ठेवायच्या, प्रश्न विचारायच्या नाहीत. ही बाई झोपलीय की जागी आहे, असं मास्तरांना वाटायचं. पण पहिला स्वाध्याय आला आणि मास्तर खुर्चीत सावरून बसले. अक्षर गोल, एकेक आकडा चादरीला घडी घालावी तसा नेटका. आणि हौदाचं ते जुनं गणित, एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, तर हौद किती वेळात भरेल, ते अचूक सोडवून खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: "उत्तर बारा तास. पण सर, खालचा नळ आधी बंद का करत नाहीत?"

मास्तर एकटेच खदखदून हसले. बायकोला बोलावून दाखवलं. मग एक्याण्णव मार्क देऊन त्यांनी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: "मावशी, हे गणित मी चौतीस वर्षं शिकवतोय. हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. नऊ मार्क घाईचे कापले. डोकं एक नंबर आहे, घाई सोडा."

दुसऱ्या स्वाध्यायाला अठ्ठ्याऐंशी, तिसऱ्याला चौऱ्याण्णव. प्रत्येक वेळी पानभर शेरा. बाकी कुणाला मास्तरांनी एवढं लिहिलं नाही. त्यांची समजूत अशी की डोळा मिटला तरी झाकले जातात ते फक्त आकडे, शेरा तर पोचत असणार. म्हणून मनात थोडी अढीही बसली होती. एवढं जीव ओतून लिहितो आपण, आणि ह्या बाईचं 'बरं' म्हणून एका शब्दाचं उत्तर नाही! "शिष्ट दिसतात," ते बायकोला म्हणाले.

"असतील बापड्या कामात," बायको म्हणाली.

आणि मग चौथा स्वाध्याय आला. तेरा जणांनी दिला. खानावळवाल्यानंसुद्धा दिला, ज्याच्या वहीला कायम तेलाचा डाग असायचा. मावशींचा आला नाही. मास्तर एक आठवडा थांबले, दोन आठवडे थांबले. गठ्ठा काही सोडला नाही. फोन लावला तर उचलत नव्हत्या, तीनदा लावला. अडीच आठवडे झाले आणि वर्ग बंद व्हायला एक दिवस उरला. उद्या दुपारी चारला पोर्टल मिटणार, आणि चार स्वाध्याय नाहीत त्याची परीक्षा गेली. वर्गातली सगळ्यांत हुशार बाई अशी काठावर येऊन बुडणार म्हटल्यावर मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना. सकाळीच उठून ते केंद्रात गेले.

"बघा हो जरा," ते संगणकवाल्या बाईंना म्हणाले, "ही बाई पोर्टलवर येते तरी का?"

बाईंनी काहीतरी दाबलं, एक लांबलचक यादी उघडली आणि त्या गप्प झाल्या. फटकळ माणूस गप्प झाला की जरा भीतीच वाटते.

"येतात काय म्हणता, सर? मार्कांचं पान एकशे बेचाळीस वेळा उघडलंय ह्यांनी. रोज. संध्याकाळी सव्वासहाला. एक दिवस सुटलेला नाही." बोट खाली सरकलं. "फक्त गेले अठरा दिवस नाही."

"म्हणजे बघत होत्या की!" मास्तर म्हणाले. "माझे शेरे वाचत होत्या आणि एक अक्षर उत्तर नाही."

"कसले शेरे? डोळा बंद आहे तुमचा."

"मार्कांचा बंद आहे. शेरे तर..."

बाईंनी कोपऱ्यातलं ते बटण दाबलं. विद्यार्थी म्हणून पाहा.

पान पांढरंफटक झालं. वर मावशींचं नाव. खाली तीन चौकटी, पहिला स्वाध्याय, दुसरा, तिसरा. प्रत्येक चौकटीत एक आडवी रेघ. एकूणच्या चौकटीतही रेघ. शेरा नाही, 'तपासून झालं' नाही, 'थांबा' नाही. नुसत्या रेघा.

"हेच दिसायचं त्यांना?" मास्तरांचा आवाज बदलला होता.

"एकशे बेचाळीस वेळा," बाई म्हणाल्या. मग त्यांना मास्तरांची दया आली असावी. "पण सर, बाकीच्या तेरांना पण हेच दिसलं. त्यांचं काही अडलं नाही."

बाकीच्यांना आपण सांगितलं होतं, मास्तर स्वतःशी म्हणाले. मग ते उठले आणि छत्री तिथेच विसरून इस्पितळाच्या रस्त्याला लागले.

इस्पितळाचा धुलाईखाना मागच्या अंगाला, तळघरात. पायऱ्या उतरताच गरम वाफ तोंडावर आली. जंतुनाशकाचा उग्र वास, भिंतीला लागून घरघरणारी चार मोठी यंत्रं, आणि मधल्या लांब टेबलावर चादरींचा डोंगर. टेबलाशी एक बुटकी बाई एकटीच उभी होती. जाड एप्रन, बाह्या कोपरापर्यंत वर. मास्तरांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी घडी घालायची पद्धत पाहूनच ओळखलं. वहीतले आकडे असेच होते.

"मावशी?"

बाईंनी आवाज ओळखला. चेहरा एकदम उतरला. वर्गातून पळालेल्या पोराला शिक्षक बाजारात भेटावेत तशा त्या कानकोंड्या झाल्या.

"सर, तुम्ही कशाला आलात इतक्या लांब? मी फोन करणार होते." मग खाली बघत, "नव्हते करणार. खोटं कशाला बोलू."

"चौथा स्वाध्याय का दिला नाहीत?"

मावशींनी चादर उचलली. जोडीदारीण आज रजेवर होती, आणि एवढी मोठी चादर एकट्यानं घडी होत नाही. त्यांनी न विचारताच दोन टोकं मास्तरांच्या हातात दिली, सवयीनं. मास्तरांनीही घेतली.

"नापासाचा स्वाध्याय देऊन काय करायचं, सर?"

"नापास कोण म्हणालं तुम्हाला?"

"रेघ होती की. तिन्ही चौकटींत." त्यांनी आपली दोन टोकं जुळवली, पुढे येऊन मास्तरांच्या हातातली घेतली. "मला रेघ कळते, सर. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची. दोन भाऊ लहान, एक तर अंगावरचा. बाबांनी माझी शाळा बंद केली. त्यांचं पण काय चुकलं म्हणा, दुसरं करणार कोण होतं? मी शाळेची पुस्तकं परत द्यायला गेले तेव्हा बाईंनी हजेरीबुक उघडलं आणि माझ्या नावापुढे पट्टी लावून लाल रेघ मारली. माझ्यासमोर. तेव्हापासून नावापुढे रेघ म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको."

पुढची चादर. मास्तरांनी टोकं धरली.

"मला वाटलं, तुम्ही भले आहात. शून्य लिहायला जीव झाला नसेल. म्हणून रेघ मारली."

"मग दुसरा का दिलात? तिसरा का दिलात?"

"बाबांसाठी." मावशी थोडं हसल्या. "त्यांनीच मला घातलं ह्या वर्गात. दोन वर्षं अंथरुणाला होते. रोज एकच धोशा, 'तुझी शाळा मी बुडवली. माझ्या डोळ्यांदेखत एक तरी परीक्षा पास हो, म्हणजे मी सुटलो.' मी म्हटलं, अहो आता ह्या वयात? तर म्हणे, 'वयाचं मला सांगू नकोस, मी ब्याऐंशीचा आहे.' पहिला स्वाध्याय दिला आणि तेव्हापासून रोज कामावरून घरी पाऊल टाकलं की पलंगावरून आवाज, 'आले का?' चहा नाही, पाणी नाही. आधी 'आले का'. मी फोन काढायची, बघायची, म्हणायची, 'नाही आले, बाबा. उद्या येतील.'"

सव्वासहा. मास्तरांना ती यादी डोळ्यांपुढे दिसली. एकाखाली एक, एकशे बेचाळीस ओळी.

"दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले, आता दिवस मोजा. त्या संध्याकाळी ते म्हणाले, 'आले का?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'आले.'"

घरघरणाऱ्या यंत्रांतलं एक थांबलं. मावशी तिकडे गेल्या नाहीत.

"'किती?' म्हणाले. आता काय सांगू? खोटंच बोलायचं तर किती बोलायचं, सर? मला धीर नाही झाला. म्हटलं, 'पस्तीस.'"

"पस्तीस?" मास्तर ओरडलेच. "अहो, पस्तीस कशाला? सांगायचेच होते तर सत्तर सांगायचे, ऐंशी सांगायचे!"

"मला वाटलं, पासापुरतं मागावं. जास्त मागितलं तर पचायचं नाही." त्यांनी चादरीची सुरकुती तळहातानं दाबली. "पण तुम्ही बघायला हवं होतं त्यांना. 'पस्तीस! म्हणजे पास! गणितात पास!' दुसऱ्या दिवशी सुई द्यायला नर्सबाई आल्या तर त्यांना सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला हाक मारून खाली बोलावून घेतलं आणि सांगितलं. भावाला फोन लावायला लावला. भाऊ म्हणाला, 'काठावर पास झाली का ताई?' तर त्याला शिव्या घातल्या. 'काठावर का होईना, तू आण बघू,' म्हणाले."

मावशी हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात चादरीत गुंतलेले म्हणून पुसता येत नव्हतं.

"मग म्हणाले, 'दाखव मला.' मी घाबरले. पण त्यांना धड दिसत नव्हतं आता. मी तेच पान उघडून पुढे धरलं. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, 'हे का पस्तीस?' मी म्हटलं, 'हो.' किती वेळ ते बोट तिथंच ठेवून होते."

मास्तरांच्या हातून चादरीची टोकं सुटली. धुतलेली चादर फरशीवर पडली. कुणीच ती उचलली नाही.

"त्यानंतरही मी रोज बघायचे," मावशी म्हणाल्या. "वाटायचं, खरंच पस्तीस आले तर बरं होईल. निदान खोटं बोलल्याचं तरी मनावर राहणार नाही. अठरा दिवस झाले त्यांना जाऊन. आता कुणासाठी बघू?"

नंतर एकदा मास्तर बायकोला म्हणाले, की पन्नास वर्षांपूर्वी हात पुढे करून उभा होतो ना मी, ते काहीच नव्हतं. पण तेव्हा तिथे ते एवढंच म्हणाले, "मावशी, चूक माझी आहे. रेघ म्हणजे नापास नव्हे. रेघ म्हणजे मी मार्क झाकून ठेवले होते. सगळ्यांचे. शेवटी एकदम दाखवायचे म्हणून. तुम्ही पहिल्या तासाला नव्हता आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

मावशींना ते लगेच उमगलं नाही. "झाकून? म्हणजे होते?"

"तपासल्या दिवसापासून होते." मास्तरांनी फोन काढला, आपलं पान उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "एक्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याण्णव. वर्गात सगळ्यांत जास्त."

मावशी बघत राहिल्या. मास्तरांना वाटलं, आता रडतील, नाहीतर चिडतील. चिडाव्यात, चार शब्द सुनवावेत, असं त्यांना फार वाटत होतं. पण त्या आकड्यांखालचा शेरा वाचत होत्या, ओठ हलवत, एकेक शब्द. खालचा नळ आधी बंद का करत नाहीत, हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

"हे बाबांना आवडलं असतं," त्या म्हणाल्या. "हसले असते."

"मावशी, मी काय तोंडानं..."

"राहू दे, सर. तुम्ही मुद्दाम नाही केलं." त्यांनी पडलेली चादर उचलली, मळक्या कपड्यांच्या गाड्यात टाकली, आणि भिंतीतल्या कपाटातून एक वही काढून टेबलावर ठेवली. चौथा स्वाध्याय. पूर्ण सोडवलेला. वरची तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची, म्हणजे वडील गेले त्याच्या आदल्या दिवसाची.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "आत्ता फोटो काढू. उद्या चारपर्यंत मुदत आहे. परीक्षेला बसायचं तुम्ही."

"बसते. त्यांनी सांगितलंय म्हटल्यावर बसायलाच हवं." मावशींनी वहीवर हात ठेवला. "पण एक काम करा माझं. पहिल्याचे पस्तीस करा."

"काय?"

"एक्याण्णव नकोत. पस्तीस करा. बाकीचे असतील ते असू देत, त्यांचं मी काही बोलले नव्हते."

"अहो, हे काय भलतंच! ते तुमचे मार्क आहेत. हक्काचे. मी चौतीस वर्षांत एकही मार्क फिरवला नाही, वरही नाही आणि खालीही नाही!"

"माहितेय. म्हणून तर तुमच्याकडे मागतेय." आवाज मऊ होता, पण हटायची नव्हती बाई. "मला किती पडले ते आता मला कळलं, तेवढं मला पुरे झालं. पण ते चार लोकांना पस्तीस सांगून गेलेत, सर. भावाशी भांडून गेलेत. त्यांचा शब्द खोटा नका पाडू."

नियमाला धरून चालायचं तर इथून नाही म्हणून निघायला हवं होतं. पण नियमानं काय केलं ते ह्या तळघरात त्यांच्यासमोर उभं होतं. मास्तरांनी चष्मा पुसला, एक्याण्णव खोडले आणि पस्तीस लिहिले. पहिल्यांदा आकडे उलटे पडून त्रेपन्न झाले, मग सुधारले. यंत्रानं विचारलं, बदलाचं कारण लिहा. खाली रिकामी चौकट.

हा माणूस पानपानभर शेरे लिहायचा. त्याला ह्या एका चौकटीत काय लिहावं ते सुचेना. शेवटी त्यांनी लिहिलं: "पालकांना हेच गुण कळवलेले आहेत."

मग त्यांनी तो मिटलेला डोळा उघडला. सगळ्या वर्गाचा नव्हे, एकट्या मावशींचा. चौतीस वर्षांत पहिल्यांदा एकाच विद्यार्थ्याचा निकाल आधी लागला.

"बघा आता तुमच्या फोनवर," ते म्हणाले.

मावशींनी एप्रनला हात पुसले, कपाटातून फोन आणला आणि पान उघडलं. पहिल्या चौकटीत रेघ नव्हती. त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून राहिल्या. यंत्र कधीचं थांबलं होतं, आतल्या चादरी गार होत चालल्या होत्या.

"आले, बाबा," त्या म्हणाल्या.